पूजेआधीचं पाणी

डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं, त्यावर पाण्याची धार सोडून झाली होती आणि बेलाचं पान वाहायला सिद्धम्माचा उजवा हात निघाला होता, तेवढ्यात मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांना लागले. फार मोठा आवाज नव्हता. फळीवरून मांजर गेल्यावर होतो तेवढा. पण मांजर गेलं की डबे थांबतात, हे थांबले नाहीत. मग पायाखालून काहीतरी घरंगळत गेल्यासारखं झालं, दाराची कडी आपोआप वाजली, आणि पुढचं तिला कळलं ते एकदम गल्लीतच. पाय अनवाणी, अंगावर ओलेती साडी, केस मोकळे, कपाळावर न वाळलेली विभूती, आणि डाव्या हाताची मूठ इतकी आवळलेली की आतलं लिंग तळव्यात रुतत होतं. पान कुठं पडलं ते ठाऊक नव्हतं. आपण उठलो कधी, उंबरा ओलांडला कधी, हे कितीही आठवून आठवेना. मधला तेवढा तुकडा कुणीतरी कापून नेल्यासारखा झाला होता.

गल्ली पोरांनी भरली होती. लातूरच्या त्या भागात घरमालक जिन्याखाली, बोळात, गच्चीवरच्या पत्र्यात राहायचे आणि खरी घरं पोरांना दिलेली असायची. बारावीची पोरं. कुणी उमरीचं, कुणी धर्माबादचं, कुणी आणखी कुठलं. एकाच्या तोंडात ब्रश होता, एकाच्या अर्ध्या गालाला साबणाचा फेस, एक पोरगी जीवशास्त्राच्या नोट्स छातीशी धरून उभी. कुणीतरी म्हणालं, हलू दे की अजून जरा, पेपर पुढं गेला तर बरंच हाय. आणि सगळी हसली. तो मोठा भूकंप झाला तेव्हा ही पोरं आठ-नऊ वर्षांची असतील. त्यांना तो मामाच्या लग्नासारखा आठवत होता. शेजारच्या जिन्याखालून घरमालकीण रत्नम्मा बाहेर आल्या, त्यांनी सिद्धम्माच्या मुठीकडं पाहिलं, मग तिच्या पायांकडं, आणि हळूच विचारलं, पूजा मोडली का. सिद्धम्मानं मान हलवली. मग परत न्हावं लागेल, रत्नम्मा म्हणाल्या, पण हौदाला तळ लागलाय, पोरांनी उजाडायच्या आतच उपसला. नळ आला तर दुपारून येईल.

खोलीत जाऊन तिनं लिंग पुसलं, चांदीच्या डबीत ठेवलं आणि डबीचा दोरा गळ्यात घातला. अर्धी राहिलेली पूजा छातीवर जड लागत होती. दीक्षा झाल्यापासून लिंगपूजा होऊन तीर्थ घेतल्याशिवाय पाण्याचा थेंब तिच्या तोंडात गेला नव्हता. तापात नाही, बाळंतपणात नाही, नोकरीच्या जागी जंगलात रस्ता चुकून झाडाखाली बसून उजाडलं तेव्हा नाही. पूजेआधी ती कुणाशी फारसं बोलायचीसुद्धा नाही. पहिला शब्द देवापुढं आणि मग जगापुढं, असं तिच्या आईनं लावून दिलेलं वळण. नेमाचं तिला कधी ओझं झालं नव्हतं. ओझं तर पेलावं लागतं, हा तिला श्वासासारखा होता. आज मात्र घसा कोरडा पडलाय हे तिला सारखं कळत होतं. जीभ टाळूला लागली की लागूनच राहत होती. आणि तहानेपेक्षाही दुसरंच काहीतरी आत खरवडत होतं, त्याचं नाव तिला सापडत नव्हतं. घाबरलो म्हणून? घाबरायचं का नाही, आपलं तर सगळंच त्यात गेलं. लिंग हातात असताना उठलो म्हणून? तेही नव्हतं. पोरीला विसरलो म्हणून? शिवलीला क्लासला गेली होती. तिची आठवण सिद्धम्माला गल्लीत आल्यावर झाली होती, आधी नाही.

ती तशीच क्लासच्या दिशेनं निघाली. क्लासची इमारत तीन मजली, खाली सायकलींचा ढीग. सगळी पोरं रस्त्यावर काढली होती, पण शिकवणं थांबलं नव्हतं. दोघांनी फळा दोन बाजूंनी धरला होता आणि सर भर रस्त्यात उभे राहून बेंझिनचं वलय काढत होते. रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला आणि शेवटी तोही फळ्याकडं बघत बसला. शिवलीला दुसऱ्या रांगेत होती. तिनं आईचे मोकळे केस पाहिले, अनवाणी पाय पाहिले, आणि हाताखालूनच, कुणाला दिसू नये असा इशारा केला, जा म्हणून. सिद्धम्मा वळली. पोरगी जिवंत आहे, उन्हात उभी राहून लिहून घेते आहे. मग आता कसली हुरहूर? माघातलं ऊन अजून सोसण्यासारखं होतं. तिकडं किनवटच्या पुढं आता पळस पेटले असतील, मोहाखाली पहिली फुलं पडत असतील, आणि उपकेंद्राच्या दाराला तिनं स्वतः लावलेलं कुलूप असेल. त्या कुलपाशी विचार आला आणि थांबला. खरवडणारं तेच होतं.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पंप, एक खाट. भोवतीच्या पाड्यांना सुई टोचणारी, बाळंतपण करणारी, हिवतापाच्या गोळ्या देणारी सरकारी बाई तिथं ती एकटी. परीक्षेचे दिवस आले तसं शिवलीलानं लिहून कळवलं, तू आलीस की माझं डोकं शांत राहतं. मग तिनं रजा टाकली, ती वाढवूनही घेतली. बदली माणूस देतो म्हणाले होते, पण जंगलात रजेपुरतं कोण येणार. निघायच्या आधी ती सोमबाईकडं गेली होती. सोमबाईचं पहिलं मूल आठवडाभरही जगलं नव्हतं. तेव्हा सिद्धम्मा मीटिंगला नांदेडला होती, आणि नाळ कापली होती ती सोमबाईच्या सासूनं, जंगूबाईनं, विळ्यानं. धनुर्वातानं मुलाचा जबडा मिटला तो उघडलाच नाही. जंगूबाई पाड्याची सुईण. तिला शिकवणीला नेलं होतं, पेटी दिली होती, पेटीत पातं, दोरा, साबण. साबणाला वास चांगला म्हणून तिनं तो देवापुढं ठेवला आणि नव्या पात्याला हात लावला नाही. म्हणून या वेळी सिद्धम्मानं मोहाच्या झाडाखाली सोमबाईचा हात धरला, आपल्या गळ्यातल्या डबीवर ठेवला आणि म्हणाली, माझ्या लिंगाची शपथ हाय तुला, मी आल्याबिगर कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. सोमबाईनं विचारलं होतं, अन् तुम्ही न्हाई आल्या तर? येते की, परीक्षा झाली की तुझे दिवस भरायच्या आत येते. जंगूबाई तिथंच टोपली विणत बसली होती. तिनं टोपली खाली ठेवली. उठली, रांजणातलं पाणी घेतलं आणि हात धुतले, अगदी कोपरापर्यंत, हलक्या हातानं. मग ते वाळेपर्यंत पुढं धरून उभी राहिली.

बाळंतपणातून काढून घेतलेले ते हात आता सिद्धम्माला दिसत होते. दुसऱ्याला नेम घालून देणं सोपं नसतं हे तिला कळायला हवं होतं. बाकीच्यांना शपथ म्हणजे बोलण्याची एक तऱ्हा असते, घालतात, मोडतात. पण पाड्यावर शपथ म्हणजे शपथ. लहान पोरंसुद्धा एकमेकांना धरून ठेवायची, सुटली म्हण, आधी सुटली म्हण, आणि ज्यानं घातली त्यानं आपल्या तोंडानं ‘सुटली’ म्हटल्याशिवाय समोरचं पोर जागचं हलायचं नाही. तिला ते आवडायचं. या लोकांचं आणि आपलं जुळतं ते इथंच, असं तिला वाटायचं. आज त्याच जुळण्याची भीती वाटत होती.

कोपऱ्यावर खाजामियाँचं एसटीडीचं दुकान होतं. एका बाजूला फोनची काचेची खोली, दुसऱ्या बाजूला कुकरच्या रिंगा आणि स्टोव्हची दुरुस्ती. खाजामियाँ साठीला टेकलेले, दाढी मेंदीची, बोलणं सावकाश. मागच्या दारातून त्यांची बायको जोहरा बघत होती. सिद्धम्माचा अवतार बघून खाजामियाँनी स्टूल पुसून पुढं केलं. आरोग्य केंद्राचा फोन लागायला वेळ लागला. उचलला तो रविकांतनं. रविकांत पुरुष आरोग्यसेवक. फटफटीवर औषधं घेऊन पाडे हिंडायचा, आणि सिद्धम्माला घरच्यासारखा होता.

“बाई, मीच लावणार होतो तुम्हाला,” तो म्हणाला. “आत्ताच पाड्यावरून आलो. सोमबाईला पहाटपासून कळा चालू हायत. मेढीच्या खांबाला धरून बसलीय. जंगूबाई दारात बसलीय, आत पाय टाकायला तयार न्हाई.”

“एवढ्यात कशा कळा? दिवस भरले न्हाईत तिचे.”

“ते पोराला कोण सांगणार, बाई.”

सिद्धम्मानं डोळे मिटले. तिला सांग म्हणाली, बाईनं शपथ सोडली म्हणून. रविकांत म्हणाला, सांगितलं की, तुम्हाला न विचारताच सांगितलं, खोटं बोललो. “ती हासली, बाई. कळ येऊन गेली अन् हासली. म्हणली, शपथ काय पोष्टानं सुटती व्हय?”

जीप कुठाय विचारलं तर जीप मीटिंगला तालुक्याला गेलेली. डॉक्टर आहेत, नवीन आलेत, पण सोमबाई घरातून उठायलाच तयार नाही. सिद्धम्माचं डोकं एकदम थंड झालं. हे तिचं नेहमीचं होतं. रक्त दिसलं, मूल आडवं आलं, की तिच्या आतली सगळी गडबड बसून जायची. तिनं सांगितलं, गाडी जुंपायला लाव, खाली पेंढा घाल, तिला म्हण की बाई फोनवर बोलणार हायत, तेवढ्यासाठी चल. जंगूबाईला बरोबर घे, तिला न घेता येऊ नको. केंद्रात आणून मला इथं फोन लाव. रविकांत हाव, हाव म्हणत गेला. फोन ठेवल्यावर थंडावलेलं डोकं पुन्हा तापायला लागलं. पाड्यावरून केंद्रापर्यंतची वाट तिला पायांनी पाठ होती. दोन ओढे, मधला खडकाळ चढ, आणि बैलांना कुणाच्या कळा कळत नाहीत.

जोहरानं दारातून विचारलं, बाईजी, नल तो सुका है, हमारे यहाँ से एक बाल्टी ले जाओ, नहा लो. तिला सगळं दिसत होतं तर. सिद्धम्मा चटकन म्हणाली, राहू द्या, येईल नळ. म्हणून झाल्यावर तिला तो चटकनपणा टोचला. जंगलात ती ओढ्याचं पाणी घ्यायची, डबक्यातलं गाळून घ्यायची, पूजेला तेच चालायचं. वरच्या अंगाला कोण धुतंय, कोण म्हशी घालतंय, कधी विचारलं नव्हतं. इथं शहरात येऊन आपल्याला पाण्याचं घर दिसायला लागलं? जोहरा आत गेली. नाराज झाल्यासारखी दिसली नाही. तेच जास्त लागलं.

खोलीत आल्यावर नुसतं बसवेना. तिनं पिशवी काढली, दोन साड्या कोंबल्या, पुन्हा काढल्या. बस धरली तर नांदेडला पोचायलाच दुपार टळेल, तिथून पुढं किनवट, मग पायी. पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. तरी पिशवी भरावीशी वाटत होती. हातांना काम हवं होतं. नळाखाली बादली लावून ठेवली होती, नळातून हवा येत होती, सुस्कारा टाकल्यासारखी, आणि थांबत होती. ओठांना जीभ लावली तर त्यावर सालं आलेली. अशीच तहान तिला एकदा लागली होती, आणि ती आठवण नको म्हणून ती पुन्हा उठली, बादली सरळ केली, पण आठवण आलीच.

भूकंपाच्या वर्षी गणपती बुडवायला तिला गावी जायचं होतं. रजा मिळाली होती, पिशवी अशीच भरली होती, आणि पाड्यावर एक बाई अडली. मूल पायाळू. त्या पहाटे झोपडीत कंदील सिद्धम्माच्या हातात होता आणि जंगूबाईचे हात आत होते. मूल रडलं तेव्हा बाहेर फटफटत होतं आणि दोघी एकमेकींच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. तिकडं तिचं गाव तेव्हा नव्हतं. हे तिला पाड्यावरच्या मास्तरांच्या रेडिओनं सांगितलं. शिवलीला जंगलात तिच्याजवळ शाळेला होती म्हणून जिवंत राहिली. बसवंत, तिचा नवरा, आणि सासू तुळजाबाई माळवदाच्या घरात झोपले होते. ती पोचली तेव्हा पाऊस पडत होता आणि गावाच्या जागी दगड होते. दगडांना घराचा आकार नव्हता, गल्ली नव्हती. मिलिटरीतल्या एका पोरानं तिच्यापुढं पाण्याची बाटली धरली, पानी पियो बहनजी. तिची जीभ टाळूला चिकटली होती. ती म्हणाली, मला एक बादली पाणी द्या. ताडपत्रीआड तिनं अंघोळ केली, आपल्या उंबऱ्याचा दगड शोधला, त्यावर बसून लिंगपूजा केली, तीर्थ घेतलं, आणि मग उठून, माणसं ओळीनं ठेवली होती तिकडं गेली. लोकांनी पाहिलं. कुणी म्हणालं भक्ती म्हणावी तर ही. त्यांच्यातलीच एक म्हातारी, जिचं स्वतःचं कुणी राहिलं नव्हतं, मोठ्यानं म्हणाली, हिला नवऱ्यापरीस नेम मोठा.

त्या म्हातारीला तिनं कधीच उत्तर दिलं नाही. काय द्यायचं? की त्या सकाळी उभा राहिलेला एवढा नेमच होता, आणि त्याला टेकले नसते तर मीही त्या ओळीत झोपले असते? की खरंच मोठा होता? पुढं खात्याचे साहेब म्हणाले, तुम्ही लातूर मागा, आज मागितलं तर उद्या बदली होईल. तिनं मागितली नाही. लोकांना वाटलं सेवा. खरं म्हणजे तिला झोप तिकडंच यायची. तिकडं भिंती कुडाच्या, वर गवत. पडलं तर माणूस अंग झटकून उठतो. लातूरच्या या स्लॅबखाली आल्यापासून ती रोज छताकडं बघत पडायची, आणि शिवलीलाचं पाठांतर संपलं की घर किती गप्प होतं ते ऐकायची.

शिवलीला दुपारी आली ती भुकेली आणि हसत. सरांनी फळा रस्त्यावर आणला ते आईला सांगायचं होतं. पिशवी बघून थांबली.

“कुठं निघालीस?”

सिद्धम्मानं थोडक्यात सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं. ती त्या पाड्यावरच वाढली होती, सोमबाईच्या पाठीवर बसून तिनं बोरं खाल्ली होती. तरीही तिचा चेहरा आधी मऊ झाला आणि मग आवळत गेला.

“माझा पेपर परवा हाय.”

“माहीत हाय गं.”

“तिथलं हाललेलं तुला इथं कळतं. मी इथं हालून राहिले ते न्हाई कळत.” मग ताटलीवर ताटली आपटत म्हणाली, “सांगून ठेवते, मी डॉक्टर झाले ना, तर तुझ्या जंगलात न्हाई येणार. इथंच दवाखाना टाकणार. चांगला स्लॅबचा.”

सिद्धम्माला हसू आलं आणि घशात कोरडं काहीतरी अडकून खोकला आला. खोकला थांबेना. शिवलीलानं माठातलं पाणी पुढं केलं, आईचे ओठ पाहिले, मग छातीवरची डबी पाहिली आणि पेला खाली ठेवला. पूजा व्हायचीय? तिनं विचारलं. सकाळपासून? अगं मग एवढा वेळ काय करून राहिलीस? सिद्धम्मानं नळाखालच्या कोरड्या बादलीकडं बोट केलं. मग पोरीनंच पिशवी उचलली. चल, स्टँडपर्यंत सोडते, म्हणाली, रागातच. रिक्षावाला तुला लुटतो.

जाताना फोनचं विचारावं म्हणून त्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि जोहरा दुकानातून रस्त्यावर आली. डोक्यावरची ओढणी सावरत हात हलवत होती. बाईजी, फोन आया तुमारा, जल्दी चलो, मियाँ पकड के बैठे. खाजामियाँनी काचेच्या खोलीचं दार उघडं धरलं होतं आणि रिसीव्हर दोन्ही हातात, सांडू नये असा.

लाईन वाईट होती. कुणीतरी कढईत पाणी ओतल्यासारखी खरखर, त्याच्या पलीकडं रविकांत. आणलं, बाई. आणलं तिला. पण टेबलावर घेऊ देईना, डॉक्टरला हात लावू देईना, पाणी गेलंय तिचं, डॉक्टर म्हणतात आता थांबायचं न्हाई. बोला तुम्ही. मग खरखर वाढली, काहीतरी घासलं, आणि त्यातून एक श्वास ऐकू आला. दातांतून ओढलेला. तो सिद्धम्मानं ओळखला. कितीतरी बायकांचा तोच श्वास, पण हा सोमबाईचा.

“सोमे,” ती म्हणाली. “मी हाय. शपथ सुटली.”

पलीकडून रविकांत ओरडला, ऐकू येईना बाई, मोठ्यानं. ती पुन्हा म्हणाली. आयुष्यात तिनं आवाज चढवला नव्हता. अडलेल्या बाईच्या कानाशी बोलावं तसंच ती सगळ्यांशी बोलायची. आता बळ लावलं तर घशातून नुसता वारा निघाला. सुट, एवढं झालं आणि पुढचं अक्षर जिभेला चिकटून राहिलं. तिसऱ्यांदा तेवढंही झालं नाही. तोंडात कापूस भरल्यासारखं. पलीकडं सोमबाई कण्हली, आणि तिच्या कण्हण्यामागून जंगूबाईचं काहीतरी पुटपुटणं, सारखं, एकाच सुरात, जवळून नाही, दारातून. म्हणजे ती अजून दाराबाहेरच होती. हात धुतलेले.

खाजामियाँनी कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि काचेच्या खोलीच्या आतल्या फळीवर ठेवला. हातात दिला नाही. ठेवला आणि पाठ वळवली, कुकरच्या रिंगांकडं तोंड करून उभे राहिले. शिवलीला दारात होती. पिशवी तिच्या हातात तशीच.

सिद्धम्मानं पेल्याकडं पाहिलं. स्टीलचा साधा पेला, कडेला पोचा आलेला, बाहेरून थेंब सुटलेले. त्या पावसात मिलिटरीतल्या पोरानं धरलेली बाटली तिला आठवली नाही. म्हातारी आठवली नाही. आठवलं एवढंच, की जंगूबाईनं हात धुतले तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं. जिंकल्यासारखं.

तिनं पेला उचलला आणि प्यायली. पहिला घोट आत गेला तो दुखत गेला. दुसरा मातीच्या वासाचा. घशातून छातीत, छातीतून त्या डबीच्या मागून खाली उतरताना तिला तो कळत होता.

“सुटली,” ती फोनमध्ये म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. दुकानासमोरून जाणाऱ्या दोन पोरांनी वळून पाहिलं. “सोमे, शपथ सुटली. माझ्या तोंडानं सांगून राहिले. तुझ्या सासूला आत घे. डॉक्टरला हात लावू दे. सुटली.”

खरखरीतून सोमबाईचा आवाज आला, बारीक, पण अगदी स्पष्ट, शेजारी बसून विचारावं तसा.

“बाई, पूजा झाली का तुमची?”

विचारायला तिला हक्क होता. शपथ लिंगाची होती. पूजेआधी बाई कुणाला शब्द देत नाहीत हे अख्ख्या पाड्याला ठाऊक होतं. पूजेआधीच्या शब्दानं तिच्या लेखी शपथ सुटत नव्हती. सिद्धम्माच्या हातात पेला होता. त्यात तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. तिनं दुसरा हात गळ्यातल्या डबीवर ठेवला, सोमबाईचा ठेवला होता तसाच, आणि डबी कोमट लागली.

“झाली,” ती म्हणाली.

“मंग ठीक,” सोमबाई म्हणाली, आणि लगेच तिची मोठी कळ आली. रिसीव्हर कुणीतरी टेबलावर टाकला. त्यातून पावलं ऐकू आली, खाट सरकल्याचा आवाज, डॉक्टरांचं तुटक बोलणं, आणि त्यांच्याही वर जंगूबाईचा आवाज, आता आतून, जवळून, सगळ्यांना हुकूम देणारा. पाणी आणा, ती म्हणत होती. गरम पाणी, अन् तो साबण द्या इकडं. मग खरखर सगळ्यावर पसरली आणि लाईन गेली.

सिद्धम्मानं रिसीव्हर जागेवर ठेवला. खाजामियाँ वळले नव्हते. फोन पुन्हा वाजेल तेव्हा वाजेल; बसायला लागणार होतं. ती काचेच्या खोलीतून बाहेर आली आणि स्टुलावर बसली. आपण कशाला टेकून बसलोय का, हे बघायला तिनं पाठ जराशी मागं नेली. मागं काही नव्हतं. तरी ती पडली नाही. तळव्यात सकाळी रुतलेल्या लिंगाची खूण अजून होती, लालसर, गोल.

शिवलीलानं पिशवी खाली ठेवली. आईच्या हातातून पेला काढून घेतला, माठाशी गेली, काठोकाठ भरला, आणि पुन्हा तिच्यापुढं धरला.